उजव्या चाकाचा आवाज

आवाज पहिल्यांदा आला तेव्हा गाडीत आम्ही दोघी होतो, आणि तो मला एकटीलाच आला.

दिवाळीच्या सुट्ट्या संपून शाळा नुकती सुरू झाली होती. लवकर येणारा हलका धान कापून झाला होता, उशिराचा भारी धान शेतांतल्या बांध्यांत उभा होता. लाखनीहून माझी शाळा वीस-बावीस किलोमीटरवर. आधी थोडा हायवे, मग आत वळणारा अरुंद रस्ता. माझ्या शेजारी रोज शाळेतल्याच एक बाई बसतात, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. त्या दिवशी हायवेवर गाडीने पन्नासचा वेग ओलांडला आणि खालून कुठूनतरी घुंऽऽ असा जाड, एका पट्टीतला आवाज सुरू झाला. मला वाटलं, जवळपास राइस मिल चालू असेल. राइस मिल आली, मागे गेली. आवाज आमच्यासोबतच येत राहिला.

"बाई, तुम्हाला काही आवाज येऊन राहिला का?"

"कायचा?"

"घुंऽऽ असा. खालून."

त्यांनी मान तिरकी करून ऐकलं. "ट्रकचा असन," त्या म्हणाल्या आणि पर्समधली सुपारी शोधू लागल्या. पुढे-मागे एकही ट्रक नव्हता.

मी वेग कमी केला, आवाज कमी झाला. वाढवला, वाढला. गिअर काढून गाडी नुसती धावू दिली तरी आवाज तसाच, म्हणजे इंजिनाचा नव्हता. एवढं मला कळत होतं. बाबांची मुलगी आहे मी. बाबांनी चिखल्याच्या खाणीतून रेल्वेच्या, मालगाड्या भरायच्या साइडिंगपर्यंत मॅंगनीज वाहणारा टिप्पर सव्वीस वर्षं चालवला. माझं लहानपण चिखल्यात, खाणीच्या कॉलनीला लागून असलेल्या भाड्याच्या दोन खोल्यांत गेलं. खेप संपवून आले की बाबा आधी प्रत्येक चाकाच्या मधोमध तळहात ठेवत आणि मग घरात येत. एखादं चाक जास्त तापलं असेल तर जेवण तसंच राहायचं.

संध्याकाळी परत येताना मी काच बंद केली, पंखा बंद केला, बाईंना बोलू नका म्हटलं. आवाज होता. त्यांना नव्हता.

"मॅडम, तुम्ही लय थकल्या," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर नवऱ्याला गाडीतून फिरवून आणलं. तो बँकेत आहे, गाडीत बसला की फोन पाहतो. "रस्त्याचा आवाज आहे," तो म्हणाला. मी म्हटलं, नीट ऐक. त्याने फोन खिशात ठेवला, डोळे मिटले, दोन मिनिटं खरंच ऐकलं. मग डोळे उघडून म्हणाला, "नाही गं. मला काहीच वेगळं वाटत नाही. तू विचार जास्त करून राहिली."

भांडण झालं असतं तर बरं वाटलं असतं. तो खरं बोलत होता, हेच मला खुपलं.

कारण मला दुसरीच भीती होती, आणि ती मी कोणालाच सांगितली नव्हती. बाबांना आता जवळजवळ ऐकू येत नाही. उजवा कान पूर्ण गेला, डाव्यात थोडंसं उरलं आहे. त्यांचं सगळं सुरू झालं ते कानातल्या आवाजापासून. "कानात भुंगा फिरून राहिला," असं ते आईला म्हणायचे. आई कोमट तेल घालायची. भुंगा गेला नाही, बाकीचे आवाज गेले. डॉक्टरांनी सांगितलं, टिप्परच्या आवाजाने झालं. पण बाबांचे वडीलही म्हातारपणी बहिरे होते आणि त्यांनी आयुष्यात फक्त बैलगाडी हाकली होती.

मी पंचेचाळीसची. वर्गात मुलं मागून हाक मारतात तेव्हा कधीकधी दुसऱ्या हाकेला वळते, हे माझ्या लक्षात आलं होतं.

मग मी गाडी चालवताना डाव्या कानात बोट घालून पाहायला लागले. आवाज तसाच. उजव्या कानात घालून पाहिलं. तरी तसाच. दोन्ही कानांत एकदम घालायला हात मोकळे नव्हते. घरी, स्वयंपाकघरात, मुद्दाम सगळं बंद करून उभी राहायचे आणि पाचेक मिनिटांत मला तिथेही घुंऽऽ ऐकू यायला लागायचं. फ्रिजचा असेल म्हणून फ्रिजचं बटण बंद केलं. आवाज गेला की नाही, ते ठरवता येईना. वर्गात पाढे चालू असताना पंख्याखाली उभी राहून मी पंख्याचा आवाज वेगळा काढायचा प्रयत्न करायचे. पोरं नऊच्या पाढ्यात चुकली तरी मला कळायचं नाही.

लाखनीला हायवेवर ज्या गॅरेजमध्ये मी नेहमी जाते, तिथे गाडी नेली. मिस्त्री चांगला माणूस आहे, काम स्वच्छ आहे. त्याने टायर पाहिले. "टायर एका बाजूनं खाल्ले मॅडम. आवाज त्याचाच." पुढचे टायर मागे, मागचे पुढे केले, अलाइनमेंट करून दिली. त्या संध्याकाळी मला वाटलं, गेला. सकाळी हायवेला लागले आणि पुन्हा घुंऽऽ. दुसऱ्यांदा गेले तेव्हा तो स्वतः एक चक्कर मारून आला. परत आला तेव्हा गाडीतला एसी पूर्ण सुरू होता आणि रेडिओसुद्धा.

"काही नाही मॅडम. वहम आहे तुमचा."

तो हसून म्हणाला, वाईट हेतूने नाही. मी गाडीत बसले, काच वर केली आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तशीच बसून राहिले. मागे दुसरी गाडी उभी होती म्हणून निघावं लागलं.

रविवारी मी आंधळगावला आई-बाबांकडे गेले. मी दर पंधरा दिवसांनी जातेच. पण या वेळी बाबांना गाडी दाखवायची, असं ठरवून निघाले आणि भंडाऱ्याच्या पुढे वरठीपर्यंत येता येता तो बेत दोनदा रद्द केला.

बाबांना गाडीचं काही विचारायचं म्हणजे मला अवघड होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे त्यांची जुनी व्हॅन होती. मोहाडीजवळ उजवीकडे वळताना मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न त्यांना ऐकू आला नाही. ट्रकवाल्याने ट्रक रस्त्याखाली, रोवणा झालेल्या धानाच्या बांधीत घातला म्हणून सगळे वाचले. कोणालाही लागलं नाही. मला फोन आला, मी त्याच संध्याकाळी आंधळगावला पोचले. बाबा हातपाय धुवायला मागे गेले होते. मी खिळ्यावरची व्हॅनची किल्ली काढली, पर्समध्ये टाकली आणि चहा न घेता परत निघाले. पुढच्या महिन्यात नवऱ्याने व्हॅन विकून दिली. बाबांनी किल्ली कुठे गेली, हे कधी विचारलं नाही. पण त्यानंतर ते माझ्या गाडीत कधीच पुढे बसले नाहीत. मागे बसायचे, खिडकीकडे तोंड करून.

मी पोचले तेव्हा आई अंगणात पोपटीच्या शेंगा सोलत होती आणि बाबा बाजेवर बसले होते. मी गाडी बंद केली, उतरले, आणि त्यांच्या डाव्या कानाशी वाकून जोरात म्हटलं, "बाबा, गाडीत आवाज येऊन राहिला. खालून. घुंऽऽ!"

शेजारच्या घरातून कोणीतरी डोकावलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे.

"वेग वाढला का वाढते?"

मी मान हलवली.

"वळताना?"

वळताना काय होतं, ते मी पाहिलंच नव्हतं. मी खांदे उडवले. बाबा उठले, चप्पल घातली आणि गाडीचं पुढचं दार उघडून बसले. दोन वर्षांत पहिल्यांदा. आई शेंगा सोलायची थांबली.

आम्ही मोहाडीच्या रस्त्याला लागलो. रविवारची दुपार, रस्ता मोकळा होता. बाबांनी चप्पल काढली आणि अनवाणी पाय खाली पत्र्यावर टेकवले. एक हात दाराला लावला. मला खुणेने म्हणाले, साठवर ने. नेली. मग हाताने साप काढावा तसं दाखवलं, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. मी गाडी हलकेच नागमोडी घेतली आणि तेव्हा मला ते नीट ऐकू आलं. डावीकडे घेतलं की आवाज फुगायचा, उजवीकडे घेतलं की जवळजवळ मरायचा.

"वाढला ना? आता?" बाबा म्हणाले. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांचे पाय सांगत होते.

"हो!"

"डावीकडं घेतलं का गाडीचं वजन उजव्या चाकावर येते. उजवा बेरिंग गेला असन. चाल घरी, पाहतो."

अंगणात त्यांनी मागच्या चाकांना दगड लावले, उजवीकडचं पुढचं चाक जॅकवर उचललं आणि खाली बाभळीचा ओंडका सरकवला. सत्तरीचा माणूस, पण जॅकचा दांडा फिरवताना एकदाही थांबला नाही. चाक वर आणि खाली धरून हलवून पाहिलं. "खेळ नाही आला अजून. म्हणूनच कोणाले समजलं नसन." मग एका हाताने चाक फिरवलं आणि दुसरा हात चाकाच्या मागून आत घालून स्प्रिंगवर ठेवला. चाक फिरत होतं, बाबांचे डोळे समोरच्या भिंतीवर होते. बराच वेळ ते तसेच बसले. मला वाटलं, यांनाही काही लागत नाहीये.

"इकडं ये."

त्यांनी माझा हात धरून आत नेला आणि स्प्रिंगवर दाबून ठेवला. चाक पुन्हा फिरवलं.

स्प्रिंगमध्ये कुरकुर होती. पाट्यावर वाळू सांडलेली असताना वरवंटा फिरवला तर हाताला जशी लागेल, तशी बारीक, सतत. कानाला काहीच येत नव्हतं, पण बोटांना अगदी स्वच्छ लागत होती.

"लागलं?"

मी मान हलवली.

मग त्यांनी दुसऱ्या बाजूचं चाक उचललं आणि तिथेही माझा हात ठेवला. तिथे स्प्रिंग गप्प होती. चाक नुसतं फिरत होतं. "हा चांगला. थो खराब. फरक ध्यानात ठेव." आईसुद्धा आली. "मले बी पाहू द्या," म्हणून तिने दोन्हीकडे हात घालून पाहिला आणि म्हणाली, "अवं माय, जात्यावानी घरघरते!"

बाबा कापडाला हात पुसत होते. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुह्या कानात नाही. गाडीत हाय."

मी त्यांना कानाबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. त्यांनी आपली तर्जनी डाव्या कानात घालून दाखवली आणि काढली. "वापस येताना तीन बार केलं तू. मी बी असाच करत होतो."

आई म्हणाली, "का झालं? काय म्हणून राहिले?" तिला उत्तर द्यायच्या आधी मी मागच्या अंगणात गेले आणि तोंडावर पाणी मारून आले.

एवढ्यावर मी लाखनीला परत जाईन, तिथल्या मिस्त्रीकडून काम करून घेईन, असं म्हणत होते. बाबांनी साफ नाही म्हटलं. इतक्या दूर ती गाडी न्यायची नाही, आणि ज्याला आवाज वहम वाटला त्याच्याकडे तर नाहीच. तुमसरला त्यांच्या टिप्परच्या दिवसांपासून माहीत असलेलं एक गॅरेज होतं. मी मुख्याध्यापकांना फोन करून सोमवारची रजा टाकली. रात्री नीट झोप लागली नाही. कारण कळलं होतं, तरी अंगातली घालमेल गेली नव्हती. आता तिला नवी जागा मिळाली होती: बाबांनाही चुकून तसं वाटलं असेल, आणि उद्या चाक उघडल्यावर आत सगळं ठीक निघालं तर?

सकाळी आम्ही चाळीसच्या वर न जाता तुमसरला पोचलो. बाबा पुढेच बसले होते. गॅरेजचा जुना मालक आता राहिला नव्हता. त्याचा पुतण्या, चाळिशीचा मिस्त्री, गॅरेज चालवत होता. त्याने बाबांना ओळखलं, नमस्कार केला आणि मग माझ्याशी बोलायला लागला, बहिऱ्या माणसाच्या सोबत आलेल्याशी लोक बोलतात तसा.

"मॅडम, काकाले कसं समजलं बेरिंग हाय म्हणून? आयकू तर येत नाही."

"हाताने," मी म्हटलं.

त्याचा विश्वास बसला नाही, पण त्याने काम सुरू केलं. चाक काढलं. ब्रेकचा भाग सोडवून तारेने वर टांगला, त्याची नळी ताणली जाऊ नये म्हणून. मधला मोठा नट लांब पाइप लावून सोडवला. बेरिंग ज्या लोखंडी भागात बसतो तो नकल, तो सगळाच्या सगळा बाहेर काढला. हे सगळं होईपर्यंत अकरा वाजले. बाबा उकिडवे बसून पाहत होते. मला बसवत नव्हतं. मी रस्त्यापर्यंत जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. नवीन बेरिंग मीच समोरच्या दुकानातून आणला, तरी परत आल्यावर तो जुन्याच्या मापाचा आहे की नाही, हे मिस्त्रीला दोनदा विचारलं.

जुना बेरिंग काढून मिस्त्रीने तो फोडला आणि आतली कडी माझ्या हातात दिली. गोळ्या ज्या वाटेने फिरतात ती वाट एका जागी खरवडली होती, जखमेवरची खपली निघावी तशी. ग्रीसचा तपकिरी चिखल झाला होता.

"पाणी गेलं मॅडम आतमध्ये. पाण्यातून गाडी काढली का?"

काढली होती. श्रावणात शाळेच्या वाटेवरच्या नाल्यावर पाणी चढलं होतं आणि मी परीक्षेचे कागद घेऊन तशीच पलीकडे गेले होते. तेव्हा काही झालं नाही म्हणून विसरूनही गेले होते.

मी ती कडी बराच वेळ हातात धरून ठेवली. खरवडलेल्या जागेवरून नख फिरवत राहिले. खरंच होतं. आवाज खरा होता.

खरी अडचण पुढे आली. नवीन बेरिंग बसवायला प्रेस लागतो. मिस्त्रीचा प्रेस बिघडला होता. "दोन मिनिटांत घनानं बसवून देतो," म्हणून त्याने घन उचलला. बाबा उठून मध्ये उभे राहिले.

"घन नाही लावाचा."

"काका, रोज बसवतो मी."

"रोज बसवत असशीन. ठोकलं का गोळ्याइचा दाग उठते वाटेवर. दिसत नाही. तीन महिन्यांत हाच आवाज वापस." बाबा मोठ्याने बोलत होते, त्यांना स्वतःचा आवाज कळत नाही. बाजूच्या पंक्चरच्या दुकानातले लोक वळून पाहू लागले. मिस्त्रीचा चेहरा उतरला. मला एकदा वाटलं, मिटवून टाकावं, ठोकू द्यावा त्याला. बाबांनी वाट पाहिली नाही. नकल, नवीन बेरिंग आणि जुन्याची बाहेरची कडी बारदान्यात गुंडाळून त्यांनी खांद्यावर घेतलं. "रस्त्याच्या पलीकडं लेथवाला हाय. हाताचा प्रेस हाय त्याच्याकडं," म्हणाले आणि निघाले.

रस्त्यावर ट्रक, ट्रॅक्टर, ऑटो, सगळे हॉर्न वाजवत होते. मी धावत जाऊन त्यांचा दंड पकडला. त्यांनी दंड सोडवून घेतला. काठावर थांबले. उजवीकडे पाहिलं, डावीकडे, पुन्हा उजवीकडे. एक ट्रक जाऊ दिला, एक मोटरसायकल जाऊ दिली. मान आणखी एकदा पूर्ण मागे वळवली आणि मग चालू लागले. त्या रस्त्यावर त्या वेळी इतकं नीट पाहून पलीकडे जाणारं दुसरं कोणी नव्हतं, मीसुद्धा नाही. माझ्याच बाजूने येणारी सायकल मला त्यांनी दाखवली.

मिस्त्री आमच्या मागे मागे आला. रागावला होता, पण आला. लेथच्या दुकानात कोपऱ्यात हाताने पंप मारायचा प्रेस होता. नकल खाली ठेवला, वर बेरिंग, त्यावर जुन्या बेरिंगची बाहेरची कडी उलटी ठेवली, म्हणजे दाब बाहेरच्या कडीवरच पडेल. मिस्त्री दांडा मारू लागला. बाबांनी एक हात प्रेसच्या खांबावर ठेवला होता. बेरिंग अर्ध्या बोटाएवढा आत गेला आणि बाबा ओरडले, "थांब!"

मिस्त्री दांडा धरून थांबला. "का झालं?"

"तिरपा जाऊन राहिला."

"सरळच हाय, काका."

बाबांनी त्याचा हात घेतला आणि खांबावर ठेवला. "आता मार. हळू." मिस्त्रीने डाव्या हाताने दांडा थोडा दाबला. खांबातून काय आलं, ते मला माहीत नाही. त्याने दांडा लगेच सोडला, वाकून बॅटरीच्या उजेडात पाहिलं, आणि एका बाजूची फट दुसरीपेक्षा केसभर जास्त होती. बेरिंग परत बाहेर काढला, नकलची जागा पुन्हा पुसली, तेलाचा हात फिरवला आणि नव्याने सरळ बसवला. या वेळी तो शेवटपर्यंत गेला. अडकणारी रिंग खाचेत टक् करून बसली. ती टक् मी ऐकली आणि बाबांनी पाहिली.

"काका, तुम्ही इथंच राहा," मिस्त्री म्हणाला. बाबांना ऐकू आलं नाही. मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. ते हसले नाहीत, पण परत येताना नकल मिस्त्रीला उचलू दिला.

दुपारी तीनला गाडी जमिनीवर आली. मिस्त्रीने नवा नट मापाच्या पान्याने आवळला आणि बाबांनी विचारायच्या आधीच पान्यावरचा आकडा त्यांना दाखवला. आम्ही निघालो. पन्नास. साठ. मी डावीकडे घेतलं, उजवीकडे घेतलं. काही नाही. टायरचा रस्त्यावरचा साधा आवाज तेवढा, वाऱ्याचा. इतकी शांतता की मला माझा श्वास ऐकू येत होता. आणि त्या शांततेत, डाव्या कानात, खूप दूर, एक अगदी बारीक शिट्टीसारखं काहीतरी होतं. घुंऽऽ नव्हतं. वेगळंच. किंवा नव्हतंच.

मी गाडी बाजूला घेतली. दोन्ही बाजूंना कापणीला आलेला भारी धान उभा होता. मी बाबांच्या कानाशी वाकले. "बाबा, तुमचा भुंगा कधी सुरू झाला होता?"

मला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा विचारणार होते.

"आयकू आलं," ते म्हणाले. "तू सातवीत होती."

मी हिशेब केला. आईला त्यांनी सांगितलं तेव्हा मी दहावीत होते.

"तीन वर्षं कोणाले सांगतलं नाही?"

"कोणाले सांगू? सांगतलं असतं त गाडी काढून घेतली असती." ते समोर पाहत होते. "खदानीतून निघालो का मनात एकच. आता आयकू येते का, आता येते का. साइडिंगवर गार्डनं शिटी मारली का नाही. रोज. तुह्या मायले वाटे मी तिच्यावर नाराज हाओ."

बोलायचं तर ओरडून बोलावं लागलं असतं, आणि हे ओरडून बोलण्यासारखं नव्हतं.

"किल्ली नेली तू," बाबा म्हणाले.

माझे हात स्टिअरिंगवरून खाली आले.

"नेली ते बरोबर केलं. थो ट्रकवाला बांधीत नसता गेला त मी जित्ता नसतो. पण मी हातपाय धुवाले गेलो आन् तू घेऊन गेली. मले सांगतलं नाही. मी रातभर खिळ्याखाली शोधत होतो, खाली पडली असन म्हणून. मंग तुह्या मायनं सांगतलं."

मला माफी मागायची होती. शेवटी मी त्यांचा हात धरून माझ्या कपाळाला लावला. त्या हाताला अजून ग्रीसचा वास होता. त्यांनी तो थोडा वेळ तसाच राहू दिला आणि मग म्हणाले, "चाल. तुही माय जेवाची थांबली असन."

पुढच्या आठवड्यात मी भंडाऱ्याला कानाची तपासणी ठरवली. फक्त माझी. घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने फोन बाजूला ठेवला आणि म्हणाला, "हे आधी का नाही सांगितलंस?" आंधळगावला फोनवर आईला सांगितलं, तर पाठीमागून बाबांचा मोठा आवाज आला, मी बी येतो म्हणून. दोन वर्षं आम्ही सगळे कानाला मशीन लावा म्हणून त्यांच्या मागे लागलो होतो आणि ते टाळत होते.

आधी मी काचेच्या खोलीत बसले. हेडफोनमध्ये शिट्टी ऐकू आली की हातातलं बटण दाबायचं. डाव्या कानाला उंच पट्टीचे आवाज थोडे कमी ऐकू येतात, असं निघालं. फार नाही. दरवर्षी दाखवा, असं डॉक्टर म्हणाल्या. घरी जाऊन विचार करू, असं मी ठरवलं आणि विचार त्याच क्षणी सुरू झाला. शिट्टी ऐकू आली की नाही, हे बटण दाबताना मला दोनदा खरंच कळलं नव्हतं.

मग बाबा आत गेले. त्यांनी टोपी काढून माझ्याकडे दिली. डोक्यावर हेडफोन चढवला, बटण नीट धरता येईना म्हणून तपासणी करणाऱ्या बाईंनी सांगितलं, आवाज आला की बोट वर करा. मी आणि आई काचेबाहेर बाकावर बसलो. बाईंनी यंत्राची कळ दाबली. बाबा सरळ बसले होते, समोरच्या भिंतीवर नजर. त्यांनी बोट वर केलं नाही. बाईंनी कळ थोडी फिरवली, पुन्हा दाबली. काही नाही. आई माझा पदर हातात घेऊन चोळत बसली. पुन्हा एकदा. पुन्हा. मी बाबांच्या मांडीवरच्या हाताकडे पाहत होते, पापणी न हलवता.

बऱ्याच वेळाने त्यांचं बोट उचललं गेलं.

"आलं वाटते," आई हळूच म्हणाली.

बाईंनी कागदावर खूण केली आणि कळ पुढे फिरवली.